येताना कोथिंबीर

मराठीतल्या 'निघालो' या शब्दाचा खरा अर्थ शोधायचा असेल तर शब्दकोश उघडू नये. संध्याकाळी सहाच्या सुमारास चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहावं. कंपनीच्या बसमध्ये, सहा आसनी रिक्षात, मोटारसायकलवर एक पाय रस्त्याला टेकवून, कंटेनरच्या केबिनमध्ये गळ्यात गमछा टाकून बसलेली शेकडो माणसं त्या वेळी आपापल्या घरी हा एकच शब्द कळवत असतात. त्यातली निम्मी गेला पाऊण तास त्याच जागेवर निघालेली असतात.

या चौकापासून जवळच संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी शाइस्तेखानाच्या फौजेला इथं जवळजवळ दोन महिने अडवून धरलं. शाळेत हे वाचताना ऊर भरून यायचा. आता बसच्या खिडकीतून तिकडं बघताना वाटतं, फिरंगोजीचं शौर्य मोठंच, पण जागाही पूर्वीपासून अशीच असणार.

मी मोशीला राहतो आणि महाळुंग्याच्या बाजूला, गाड्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्याने केलेल्या पार्टमधली खोट शोधायची आणि त्यावर लाल टॅग लावायचा, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. घरात हा विभाग बायकोकडे आहे. तिने माझ्या 'निघालो'वर पहिला लाल टॅग लावला त्याला आता बरीच वर्षं झाली.

'निघालो' तरी सरळ. खरी भानगड 'च'ची. साधं 'येतो' म्हणजे माणूस येतो. 'येतोच' म्हणजे अजून चहा व्हायचाय. 'आलो' म्हणजे बूट घालतोय. 'आलोच' म्हणजे बूट सापडत नाहीयेत. आणि 'हा काय, आलोच की' म्हणजे माणूस अजून आंघोळीला जायचाय. एका 'च'ला पंधरा मिनिटं धरावीत. आमच्या घरी असा हिशोब करूनच कुकर लावतात.

हा हिशोब मोडीत काढायला लाइव्ह लोकेशन आलं. 'तुम्ही काही कळवूच नका, नुसतं ते चालू ठेवा,' असं बायकोने सांगितलं आणि मी ते आपल्या फॅमिली ग्रुपवर चालू ठेवलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी इंद्रायणीच्या पुलावर बस अडकली आणि नकाशातला माझा ठिपका रस्ता सोडून हळूच नदीत उतरला. दहा मिनिटं तो पाण्यातच. बायको शाळेच्या वह्या तपासत होती, पण आईच्या हातात फोन होता.

"तू कुठंयस?"

"बसमध्ये."

"बस कुठंय?"

"पुलावर."

"मग तू पाण्यात कसा?"

मी तिला उपग्रह, सिग्नल, ठिपक्याची हुकलेली जागा वगैरे समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रेनकोट तरी नेलायस ना?"

पुढच्या आठवड्यात तोच ठिपका चाकणला एका जागी पस्तीस मिनिटं थांबला. तेव्हा बायकोने नकाशा मोठा करून पाहिला आणि तिथं मिसळीचं दुकान आहे हे शोधून काढलं. वास्तविक मी त्या दुकानासमोर बसमध्ये अडकलो होतो, दुकानात नव्हतो. पण रस्त्याच्या कडेला अडकलेला माणूस आणि मिसळ खाणारा माणूस यांचा ठिपका सारखाच निळा असतो. मी लोकेशन बंद केलं आणि पुन्हा 'निघालो'वर आलो. त्यात निदान दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की हे खोटं आहे.

आमच्या अण्णांना हे सगळं पोरखेळ वाटतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि माण-खटावच्या दुष्काळी गावांतली पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन पिंपरी-चिंचवडला उतरू लागली. अण्णा त्यांतलेच एक. त्यांच्या काळात घर आणि कंपनी यांच्यातलं संपर्कसाधन एकच होतं, भोंगा. भोंगा झाला की आई पातेल्यात तांदूळ टाकायची आणि भाताला वाफ धरते न धरते तोच अण्णांची सायकल दारात. भोंग्याला उत्तर द्यावं लागत नसे. त्यात कुणी निळ्या खुणा दाखवून 'वाचलंय, पण बोलत नाहीये' असं सुचवत नसे. भोंगा झाला, माणूस सुटला, विषय संपला.

गावाशी संबंध आंतरदेशीय पत्राने. ते निळं पत्र अण्णा असं भरायचे की मजकूर संपला तरी जागा शिल्लक राहू नये. मग कडेच्या समासात आडवं, डिंकाच्या पट्टीलगत उभं लिहीत जायचं आणि फाडणाऱ्याच्या हाताने शेवटच्या दोन ओळी हमखास तुटायच्या. त्या दोन ओळींत पैशाचा विषय असे. 'साष्टांग नमस्कार, वि. वि.' याने सुरुवात, 'इकडील सर्व क्षेम' हे ठरलेलं. आजी ते पत्र शाळामास्तरांकडून वाचून घ्यायची, म्हणजे गावातही निदान एक माणूस मधे होताच.

पुढे शेजारी फोन आला. लग्नपत्रिकांवर, दुकानाच्या कार्डांवर नंबरापुढे 'पी.पी.' लिहायचा तो जमाना. म्हणजे नंबर आमचा, फोन शेजाऱ्यांचा. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, 'अहो, साताऱ्याहून फोन आहे,' आणि आपण चपला शोधेपर्यंत पलीकडच्या माणसाशी त्यांच्या निम्म्या गप्पा होऊन गेलेल्या असायच्या. आत्याचा पाय मोडल्याचं आम्हाला जिन्यातच कळायचं. मग एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून साडेदहालाच आकुर्डीच्या बूथबाहेर रांग. मी अण्णांचं बोट धरून त्या रांगेत उभा राहिलोय. काचेच्या खोपट्यात आपल्या डोळ्यांसमोर लाल आकडे पळत असायचे आणि अण्णांची नजर त्या आकड्यांवर. "सगळे बरे? आम्ही बरे. पैसे मिळाले? पाऊस? बरं, ठेवतो." आजही अण्णांचा फोन याच्यापेक्षा लांबत नाही. मीटर गेला, पण तो त्यांच्या डोळ्यांसमोर अजून पळतोच आहे. आवाजही त्याच काळातला, गावापर्यंत नुसताच पोचावा असा.

माझं लग्न २००५ चं. देशात पहिला मोबाइल कॉल १९९५ साली झाला होता खरा, पण येणाऱ्या फोनचेही पैसे पडायचे, ते २००३ मध्ये थांबले तेव्हाच आमच्यासारख्यांनी फोन घेतला. घेतला तो मुख्यतः न बोलण्यासाठी. मिस्ड कॉल हे आमच्या संसाराचं पहिलं व्याकरण. एक रिंग म्हणजे निघालो. दोन रिंगा म्हणजे उशीर. तीन म्हणजे ओव्हरटाइम लागला, जेवून घे. चौथी रिंग होऊ दिली तर उचलायचा, कारण मग खरंच काहीतरी झालंय. सगळा कारभार फुकट आणि बिनचूक. एकदाच घोळ झाला. विम्याच्या एजंटाने तीन रिंगा देऊन फोन ठेवला, मी आठच मिनिटांत दारात उभा राहिलो, तर बायको एकटीच जेवायला बसलेली. इतकी शंका तिने माझ्यावर नंतर कधी घेतली नाही.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, बोलणं फुकट झालं आणि मिस्ड कॉल मेला. आता चाकणच्या रूमवर राहणारी पोरं फोन कानाला लावूनच झोपतात. पण बोलणं फुकट झालं तेव्हापासून आमच्या घरात कुणाला काहीच नीट कळेनासं झालं.

एकूण ग्रुप मोजले तर माझ्याकडे एकोणीस निघाले. भावकीचा एक, त्यातून दुखावून बाहेर पडलेल्यांचा एक, बायकोच्या माहेरचा एक, सोसायटीचे दोन. सोसायटीच्या ग्रुपांपैकी एक 'फक्त सूचना' आणि दुसरा त्या सूचनांवर भांडायला. घरातल्या पाच जणांचा म्हणून वेगळा एक आहे, आणि घरातल्या पाच जणांचं काहीही कळायचं असेल तर तो सोडून बाकी अठरा बघावे लागतात.

भावकीच्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं. त्यांतला माझा एक चुलतभाऊ मजकूर न वाचता अंगठा उगारतो. कुणाला मुलगा झाला, अंगठा. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, अंगठा. मध्यंतरी अण्णांना फोनवर बोलून टायपिंग करायची युक्ती आमच्या चिरंजीवांनी शिकवली. अण्णा माइकच्या चित्रावर बोट ठेवून त्यात एसटीडीच्या आवाजात ओरडले, "अण्णांना गोळ्या आण, घाई नाही." फोनने लिहिलं, 'अण्णांना गोळ्या घाला घाई नाही.' आणि ते घरच्या ग्रुपऐवजी भावकीत गेलं. सर्वांत आधी चुलतभावाचा अंगठा आला. त्याच्यामागून साताऱ्याच्या मामांचे जोडलेले हात. मग काकूंचा फोन, तोही माझ्या बायकोला. "काय गं, इतकं काय झालं?"

याच्यापेक्षा वाईट एकच मेसेज असतो. 'फोन कर.' बस, दोन शब्द. का, कशासाठी, कोण कसं आहे, काही नाही. हा मेसेज दुपारी बारा चाळीसला आलेला असतो आणि मी तो लॉकरमधून फोन काढल्यावर साडेतीनला वाचतो. त्या क्षणी गावाकडचे सगळे सत्तरीपुढचे नातेवाईक एकापाठोपाठ एक डोळ्यांपुढून जातात. लॉकरचं दार उघडंच ठेवून थरथरत्या बोटाने फोन लावावा तर पलीकडून निवांत आवाज येतो, "अरे, ओटीपी हवा होता, पण आता झालं काम."

लॉकर अशासाठी की कंपनीत शॉप फ्लोअरवर फोन न्यायला बंदी. कॅन्टीनपर्यंत न्यायचा असेल तर गेटवर सिक्युरिटीवाला कॅमेऱ्यावर स्टिकर लावतो. पुढे एक, मागे एक. बाहेर पडताना ते काढायचं विसरलं की फजिती. मेव्हणीच्या साखरपुड्यात फोटो काढण्याचं काम माझ्याकडे होतं. मी खांबाला टेकून, एक डोळा बारीक करून, लोकांना 'थोडं डावीकडं' वगैरे सांगत बावन्न फोटो काढले. बावन्नच्या बावन्न काळे. सासरच्या ग्रुपवर ते पाठवायचा आग्रह झाला तेव्हा मी ते पाठवलेही. अंगठा तिथेही आला.

आमच्या डिपार्टमेंटला जालन्याकडचा एक ट्रेनी पोरगा आहे. खराबवाडीला पाच जणांत एक रूम, मेसचा डबा. कॅन्टीनच्या रांगेत रिकामं ताट हातात धरून उभा असताना रोज त्याच्या आईचा फोन येतो. जेवलास का? जेवलो. पाऊस आहे का तिकडं? नाही. बरं, ठेवते. ताट रिकामंच. मी एकदा विचारलं, "अरे, रोज आईला खोटं सांगतोस?" तो म्हणाला, "सर, नाही जेवलो म्हटलं की ती फोन ठेवत नाही. मग माझं जेवायचं राहतं." संवादकौशल्यावर कंपनीने आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं, सोबत फाइल आणि पेन. त्यात इतकं कामाचं काही नव्हतं.

आमची घरची अडचण वेगळी. आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. विजेचा भार वाटून घेण्यासाठी ती कधीतरी ठरली आणि आता ती आमच्या अंगात भिनली आहे. बायको शिक्षिका, तिची सुट्टी रविवारी. चिरंजीव डिप्लोमाला, त्यांना सुट्टी मनात येईल तेव्हा. त्यामुळे मी आणि बायको अशी दोघं एकाच वेळी जागी, घरात आणि रिकामी अशी सापडणं म्हणजे ग्रहणासारखं, कॅलेंडरात आधी पाहावं लागतं. त्यात २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी दिवसाआड. आज पाणी आपलं की नाही, मोटार कुणी लावायची, टाकी भरली का, हे विचारण्यात आमच्या वैवाहिक पत्रव्यवहारातला मोठा भाग खर्ची पडतो. पूर्वी प्रेमपत्रात चंद्र असायचा, आमच्यात व्हॉल्व्ह आहे.

चिरंजीव शेजारच्या खोलीत असतात आणि मेसेजवर भेटतात. मी एकदा तक्रार केली की जेवायला बोलवायला फोन करावा लागतो. त्याने मला ऐकवलं की ग्रॅहॅम बेलने १८७६ साली जगातला पहिला टेलिफोन केला तो शेजारच्याच खोलीत, आणि त्यात वॉटसनला सांगितलं काय, तर इकडे ये. म्हणजे परंपरा आपलीच. मला उत्तर सुचलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पण तो वॉटसन उठून गेला ना?" बेलचा आणि आईचा काही संबंध नाही, तरी मुद्दा तिने बरोबर पकडला.

शेवटी मी ठरवलं की घरात शास्त्रशुद्ध पद्धत आणायची. आमच्या लाइनवर डोक्यावरून एक दोरी जाते. काही अडलं की ऑपरेटर ती ओढतो. पिवळा दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर हातातलं काम टाकून येतो. ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर दिवा लाल होतो आणि लाइन थांबते. याला अँडॉन म्हणतात, मूळ जपानी, टोयोटाने नावारूपाला आणलेलं. दोरी ओढणाऱ्यावर खेकसायचं नाही, उलट 'बरं झालं ओढलीस' म्हणायचं, असंही शिकवतात. मी एका गुरुवारी घरच्या ग्रुपवर सूचना काढली. हिरवा ठिपका म्हणजे सर्व ठीक. पिवळा म्हणजे आज बघा. लाल म्हणजे सगळं सोडून लगेच.

पहिला लाल ठिपका चिरंजीवांचा आला. वाय-फाय बंद. दुसराही त्याचाच, वाय-फाय अजून बंद. आईला पिवळा रंग हळदीचा म्हणून शुभ वाटला, ती रोज सकाळी सुप्रभातच्या फुलासोबत पिवळा ठिपका पाठवू लागली. अण्णा सगळ्यालाच हिरवा देत. गोळ्या संपल्या त्या दिवशीही हिरवाच होता. बायकोकडून मात्र पंधरा दिवसांत एकही ठिपका आला नाही. मी जरा खुशीतच विचारलं, "पद्धत चांगली चाललीय ना? तुझा एकही लाल नाही."

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळंच लाल असतं, कुठलं कुठलं पाठवू?" मग हात थांबवून, "आणि तुमच्या कंपनीत दोरी ओढली की कुणीतरी येतं ना? इथं कोण येणार?"

अँडॉन त्या दिवशी बंद झालं. आईचा पिवळा तेवढा अजून येतो.

त्यानंतरची गोष्ट. तो बुधवार होता. संध्याकाळी माझ्या बहिणीच्या सासरची माणसं यायची होती, हे मला घरच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता कळवलेलं होतं. दहाला आणखी चार मेसेज. बाराला दोन. शेवटचा नुसता प्रश्नचिन्हाचा. मी लाइनवर, फोन लॉकरमध्ये, त्यात त्या दिवशी कस्टमरचं ऑडिट. अडीच वाजता बायकोने तिच्या वहीत वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला कंपनीच्या गेटचा नंबर काढला आणि लावला. लँडलाइन. मधल्या काळात कंपनीने तीनदा बोर्ड बदलला, नंबर तोच राहिला.

फोन सिक्युरिटी केबिनमध्ये वाजला. तिथला म्हातारा हवालदार, सैन्यातून आलेला, त्याने निरोप गेटपासच्या पाठकोऱ्या चिठ्ठीवर लिहिला. गेटवरच्या एका पोराला हाक मारून दिला. पोराने डिस्पॅचच्या सुपरवायझरकडे, त्याने स्टोअरमध्ये, स्टोअरवाल्याने फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरकडे. तो फोर्कलिफ्ट तशीच वळवून आमच्या लाइनच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत आला. ऑडिटर चहाला गेले होते म्हणून बरं. ट्रेनी पोराने चिठ्ठी आणून माझ्या हातात ठेवली. तिच्यावर ग्रीसचा एक अंगठा उमटला होता. चुलतभावाच्या अंगठ्यापेक्षा मला तो जास्त खरा वाटला.

'क्वालिटी, मोशीवाले. घरून फोन. सर्व ठीक आहे. येताना कोथिंबीर १ जुडी. घाई नाही पण आजच.'

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. 'घरून फोन' एवढं वाचून माझ्या पोटात खड्डा पडायला लागला होता, तेवढ्यात पुढचे तीन शब्द आले. बायकोने ते सांगितले नसणार, ती सांगत नाही. ते हवालदाराने आपल्या मनाने घातले होते. वर्षानुवर्षं गेटवर बसून लोकांच्या घरचे फोन घेणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की पहिल्यांदा काय लिहावं.

आता अर्थातच ही बातमी माझी एकट्याची राहिली नव्हती. फोर्कलिफ्टवाल्याने जाता जाता ओरडून सांगितलं, "पालकाची नाही हां, कोथिंबिरीची!" पंचिंगच्या रांगेत तीन जणांनी आठवण केली. बसमध्ये बसल्यावर ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "साहेब, कोथिंबीर?" आळंदी फाट्यावर बस रांगेत अडकली तेव्हा मागच्या सीटवरच्या दोघांनी खाली उतरून रस्त्याकडेच्या पालातून दोन जुड्या आणल्या, एक माझ्यासाठी, एक जादा, 'वहिनींना वडीला लागेल' म्हणून. मोशीला उतरल्यावर मंडईच्या कोपऱ्यावर मीही एक घेतली, कारण दुसऱ्याने आणलेल्या मालाची तपासणी हा माझा धर्म. आणि सोसायटीच्या दारात पोचलो तर आमच्याच कंपनीत सेकंड शिफ्टला जाणारा खालच्या मजल्यावरचा गृहस्थ, ज्याने गेटवर आत शिरताना हा निरोप ऐकला होता, त्याने आपल्या घरी फोन करून एक जुडी आमच्याकडे आधीच पोचवली होती.

ओट्यावर चार जुड्या. बायको त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मी सकाळपासूनचे सातही मेसेज पाहिले नव्हते, ते तिने काढलं नाही. पाहुण्यांना वाढून झाल्यावर तिने रात्री पुन्हा गॅस पेटवला.

शुक्रवारी मी स्टीलचा मोठा डबा घेऊन कंपनीत गेलो. गेटवर हवालदाराने डबा उघडून तपासला, नियमाप्रमाणे, आणि तपासताना दोन वड्या कमी झाल्या. फोर्कलिफ्ट, स्टोअर, डिस्पॅच असा उलटा प्रवास करत डबा फिरला. ट्रेनी पोराने चार खाल्ल्या आणि त्या दिवशी आईला खरं सांगितलं.

सुटताना गेटवर हवालदाराने हात आडवा घातला. रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात नोंद होती. 'दु. ३.१०. क्वालिटी, मोशीवाले. घरून फोन. सर्व ठीक आहे. डबा विसरू नये.' शेवटच्या रकान्यावर मथळा होता, 'निरोप मिळाला.'

"इथं सही करा," तो म्हणाला.

मी सही केली, आणि डबा आणायला परत आत गेलो.